अस्वलापासून बचावाची बंदूक (कोल्हापूर जिल्हा)

अंगावर चालून आलेले अस्वल थोपवण्यासाठी वापरायचे अग्निशस्त्र व त्याचे काडतूस. शिकारीच्या बंदुकीहून हिचे काम वेगळे. शिकारीत सावज लांब आणि बेसावध असते, नेम धरायला उसंत असते. येथे जनावर दहा-पंधरा पावलांवरून सरळ अंगावर येते. ते पुढे कधी मरेल याला अर्थ नसतो, जागच्या जागी थांबले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांपुरता आहे. पूर्वेकडच्या ऊसपट्ट्याला त्याची झळ नाही.

येथले अस्वल म्हणजे काळे, झिपऱ्या केसांचे, वाळवी आणि मुंग्या खाणारे देशी अस्वल. नर साधारण ८० ते १४५ किलोंचा, मादी ५५ ते ९५ किलोंची. वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुर्रकन ओढून घेते. नाक तीक्ष्ण, पण नजर आणि कान बेताचे. त्यामुळे करवंदा-जांभळांच्या दिवसांत माणूस आणि अस्वल एकाच जाळीला दोन्ही बाजूंनी भिडतात आणि अगदी जवळ येईपर्यंत एकमेकांचा पत्ता नसतो. दचकलेले अस्वल पळत नाही. वाघाच्या शेजारात वाढलेल्या या जातीला आधी हल्ला करण्याचीच सवय लागली, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. मागच्या पायांवर उभे राहून ते डोके आणि चेहरा धरते. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी सगळ्यात वाईट.

बंदुकीच्या निवडीवरचे बहुतेक लेखन अलास्काचे, म्हणजे चारशे किलोंच्या आसपासच्या तपकिरी अस्वलांच्या मुलखाचे आहे. तेथे १९८३ मध्ये अमेरिकी वनसेवेने जवळच्या पल्ल्यावर कोणती गोळी किती खोल जाते याची चाचणी घेतली होती; .४५८ आणि .३७५ बोअरच्या (आकडा नळीच्या तोंडाचा, इंचात) जड रायफली तीत वरचढ ठरल्या. तिकडे .४४ मॅग्नम रिव्हॉल्वरही कमरेला लावतात. ती यादी डोळे झाकून इकडे आणण्यात हशील नाही. जनावर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचे, आणि त्या रिव्हॉल्वरचा परवाना भुदरगडच्या शेतकऱ्याला कोण देणार?

आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या हत्यारांत या कामाला खरी उपयोगी पडते ती बारा बोअरची दुनळी. नळी गुळगुळीत, पल्ला थोडा, पण बचावाला पल्ला लागतच नाही. सगळा प्रश्न काडतुसाचा. पाखरांसाठीचे बारीक छर्रे अस्वलाच्या केसांत आणि कातडीतच अडकतात. जनावर मरत नाही, फक्त पिसाळते. एलजी (जुन्या ब्रिटिश मापाने औंसाला सहा गोळ्या) किंवा एसजी (औंसाला आठ) हे मोठे छर्रे अगदी जवळून चालतात. त्याहून भरवशाचे एकगोळीचे काडतूस: सुमारे २८ ग्रॅम शिसे एकाच ठिकाणी बसते आणि हाड फोडून आत जाते. ही काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. .३१५ ची देशी रायफल ताकदीला पुरेशी, गोळी साधारण १६ ग्रॅमची. पण एकदा बार झाला की खटका मागे ओढून दुसरी गोळी चढवेपर्यंत अस्वल पोचलेले असते. दुनळीचा दुसरा चाप बोटाखालीच असतो.

कोल्हापूर नेमबाजांचे गाव. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे अस्वलांच्या मुलखातलाच. पण ते पदक ज्या .२२ रायफलीवर मिळाले, तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पन्नास मीटरवर ती कागदाचा मध्य भेदते; अस्वलापुढे तिचा भरवसा धरू नये.

डोंगराकडच्या वाड्यांवर प्रत्यक्षात जी दिसते ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. नळीत मोजून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी ठिणगी पाडणारी टोपी बसवून घोडा चढवायचा. एवढ्या उस्तवारीनंतर एकच बार. गगनबावड्याच्या पावसात दारू ओलावली तर तोही फुसका. रानडुकरांना हुसकायला तिचा आवाज पुरतो, आणि खरे तर अस्वलालाही तिचा आवाजच जास्त लागू पडतो.

कायद्याची बाजू निवडीपेक्षा जड आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांची तरतूद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत येते. कलम ११ प्रमाणे जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने मारलेले जनावर हा गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तुम्ही याच कायद्याचा भंग करत असाल तर ही सूट मिळत नाही. आणि अभयारण्यात विनापरवानगी हत्यार नेणे हाच भंग. त्यामुळे राधानगरी अभयारण्यात (३५१ चौ. किमी) किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात, जेथे अस्वल हमखास आहे, तेथे बंदूक नेता येत नाही, आणि बंदूक ज्या घरात आहे तेथे अस्वल क्वचितच येते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकाला वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात, ते निराळेच.

बंदूक जवळ असणे म्हणजे वाचणे नव्हे, हे अलास्कातच दिसून आले. १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासल्या, तेव्हा बंदूक झाडणारे आणि जवळ असून न झाडणारे यांच्या दुखापतीत फरक आढळला नाही. उलट मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वल दहापैकी नऊ वेळा मागे हटले. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात, पण असा फवारा आपल्याकडे रुळलेला नाही. चटणीची पुडी हे त्याचे काम करत नाही. फवाऱ्याचा ढग सात-आठ मीटर पुढे जावा लागतो.

म्हणून रानात जाणाऱ्यांची जुनी रीत अजून टिकून आहे: दोघा-तिघांनी मिळून जायचे, मोठ्याने बोलत चालायचे, काठी झुडपांवर आपटायची, तिन्हीसांजेच्या आत परतायचे. मधासाठी जाणाऱ्यांनी तर जास्तच, कारण पोळ्यावर दोघांचाही डोळा असतो.

स्वसंरक्षणात अस्वल मेलेच तर ते सरकारी मालमत्ता ठरते. तातडीने वनखात्याला कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नये. नखे-केस ताईतासाठी काढून घेणाऱ्यावर मात्र वेगळा गुन्हा दाखल होतो, मग गोळी कितीही सद्‌हेतूने झाडलेली असो.