हेडफोनला चिकटलेला माइक का नको?

ब्लूटूथ हेडफोनवर गाणं सुरेख वाजत असतं. तेवढ्यात मीटिंग सुरू होते, माइक चालू होतो आणि सगळा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. चांगले पैसे मोजून घेतलेला हेडफोन दोन महिन्यांत बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो.

गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने जातो, कॉम्प्युटरकडून कानाकडे. ब्लूटूथची त्यासाठीची पद्धत, ए२डीपी, सेकंदाला साधारण ३०० किलोबिट माहिती पाठवते आणि दोन्ही कानांना आपापला आवाज मिळतो. माइक चालू झाला की आवाज दोन्ही दिशांनी आणि रेंगाळत न बसता जायला हवा. मग कॉम्प्युटर फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेली एचएफपी ही पद्धत धरतो. तिच्यात प्रत्येक दिशेला ६४ किलोबिट मिळतात आणि स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना मिळणारा वेगवेगळा आवाज, नाहीसा होतो. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, सुधारलेल्या प्रकारात १६,०००. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच आवाज टिपता येतो, म्हणजे जुन्या प्रकारात ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गायब. ‘स’ची सळसळ बहुतांशी त्याच्या वरच असते, ‘श’ची खालून सुरू होते. त्यामुळे समोरचा ‘सेवा’ म्हणाला की न्हावा-शेव्यातलं ‘शेवा’, हे संदर्भावरूनच ओळखावं लागतं.

एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, पण त्यासाठी हेडफोन आणि कॉम्प्युटर दोन्ही तसे हवेत. त्याहून सोपा उपाय म्हणजे माइक वेगळा घ्यायचा आणि मीटिंगच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून तोच निवडायचा. हेडफोनचा माइक कुणी मागितलाच नाही, की हेडफोन गाण्याच्याच पद्धतीवर राहतो. जुना हेडफोन टाकून द्यायची गरज नाही.

आता माइक कोणता? इथे लोक किंमत आणि ब्रँड बघतात. मी अंतर बघायला सांगेन. माइक तोंडापासून १० सेंटिमीटरवरून ८० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण लॅपटॉपच्या जागी नेला, तर थेट पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता ६४ पटींनी घटते. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत गिलावा, खिडक्यांना काचा. एक टाळी वाजवून बघा. अशा खोलीत शर्टाला लावलेला साधा कॉलर माइक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या महागड्या माइकला सहज हरवतो. त्या कॉलर माइकमध्ये सहसा इलेक्ट्रेट असतं, म्हणजे कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पडदा. हा माइक १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी बनवला.

‘डायनॅमिक घ्या, तो बाहेरचा आवाज ओढत नाही’ असं दुकानदार सांगतात. हे अर्धसत्य आहे. डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या माइकमधून विजेचा संकेत क्षीण येतो, म्हणून तो तोंडाजवळच धरावा लागतो. गोंगाट कमी होण्यामागे मुख्य कारण ती जवळीक. खरा फरक पडतो तो माइक कुठल्या दिशेने ऐकतो याने. कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरून नीट ऐकतो आणि पाठीकडून जवळजवळ ऐकतच नाही. तेव्हा कीबोर्ड, कूलर, स्वयंपाकघराचं दार त्याच्या पाठीमागे येईल असा तो ठेवावा. पंख्याची हवा थेट लागत असेल तर फोमची टोपी घालावी. शिवाय मराठीत ख, ठ, फ, भ यांसारखे महाप्राण भरपूर. प्रत्येकाबरोबर हवेचा झोत सुटतो, म्हणून माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे, किंचित तिरका हवा.

विकत घेण्याआधी पिन बघा. तिच्यावर दोन काळ्या रेषा असतील तर तीन जोड, तीन असतील तर चार जोड. लॅपटॉपला कान आणि माइक मिळून एकच भोक असेल तर त्याला चार जोडांची पिन लागते, आणि तीन जोडांचा माइक तिथे मुकाच राहतो. मग कान आणि माइकची भोकं वेगळी करणारा स्प्लिटर आणा, नाहीतर सरळ यूएसबी माइक घ्या.

माइक वेगळा झाला की हेडफोन मोकळेपणाने निवडता येतो. पाठ उघडी असलेल्या हेडफोनमधून आवाज बाहेर पडतो, माइक तो उचलतो आणि समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. पाठ बंद असलेल्या हेडफोनमध्ये आपलाच आवाज कोंदट वाटतो आणि माणूस नकळत ओरडायला लागतो. बऱ्याच यूएसबी माइकना हेडफोन लावायला भोक असतं. तिथून आपला आवाज जराही उशीर न होता कानात परत येतो. टेलिफोनच्या रिसीव्हरमध्येही हीच सोय होती. आणि स्टुडिओसाठीचा २५० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त विरोध करणारा हेडफोन लॅपटॉपला लावला तर बहुधा पुरेसा मोठा वाजणार नाही. ३२ ओहमच्या आसपासचा चालतो. खोक्यावर ओहमचा आकडा आधी वाचावा, ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, किती मिलिमीटरचा ते नंतर.