एचआयव्हीबाधितांची स्वयंसेवी गृहशुश्रूषा (मुंबई)

एचआयव्हीची लागण झालेल्या अथवा एड्सच्या अवस्थेला पोहोचलेल्या व्यक्तीच्या राहत्या घरी नियमितपणे जाऊन, रुग्णालयाच्या नोकरीत नसलेल्या पण जुजबी प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी केलेली शुश्रूषा. तीत अंगाची स्वच्छता, खाणेपिणे, औषधांवर लक्ष, धीर देणे, शिधापत्रिकेसारख्या कागदपत्रांची खटपट आणि वेळप्रसंगी अंत्यविधीची व्यवस्था एवढे सारे येते.

सरकारी कागदपत्रांत या कामासाठी ‘गृहाधारित काळजी’ हा शब्द रुळला आहे. मराठीत ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ यांत केवळ क्रियापदाचे अंतर असल्याने नुसते ‘काळजी’ म्हटले की चिंतेचाच अर्थ आधी उमटतो. ‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृतातील ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ज्या कामातला निम्मा वेळ रुग्णाचे म्हणणे ऐकण्यात जातो त्याला तो अधिक शोभतो, म्हणून येथे तोच वापरला आहे. प्रत्यक्ष काम करणारे मात्र यांपैकी काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या बोलण्यात ‘व्हिजिट’ असते आणि रुग्णाच्या घरी त्यांची ओळख ‘सेंटरच्या ताई’ अशी असते.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तिचा आरंभ अमेरिकेत धरते. न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या गे मेन्स हेल्थ क्रायसिस या संस्थेने एकेका रुग्णाला एकेक स्वयंसेवक सोबती देण्याची रीत घातली. सॅन फ्रान्सिस्कोतील शांती प्रोजेक्ट ही १९७४ पासून मरणासन्न रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही पुढे याच कामाकडे वळली. दुसरे मत आफ्रिकेकडे बोट दाखवते. झांबियातील चिकनकाटा येथील मुक्ती फौजेच्या (साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेच्या) रुग्णालयाने १९८७ च्या सुमारास, खाटा पुरेनाशा झाल्यावर, आपले पथक गावोगावी रुग्णांच्या घरी पाठवण्यास सुरुवात केली, आणि त्याच वर्षी युगांडात नोएरिन कालीबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टासो’ ही एड्सबाधितांना आधार देणारी संस्था उभी केली. मुक्ती फौज मुंबईत १८८२ मध्येच उतरलेली असल्यामुळे मुंबईशी आफ्रिकेचा धागा जोडण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये एड्सच्या गृहशुश्रूषेची हस्तपुस्तिका काढली आणि २००२ मध्ये साधनांची चणचण असलेल्या प्रदेशांसाठी आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्यापुढे प्रामुख्याने आफ्रिकेचाच अनुभव होता.

तिसरा धागा देशी आहे आणि त्याला मिळते त्याहून अधिक महत्त्व द्यावयास हवे. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दाखवून दिले की, क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवले काय किंवा दाटीच्या, निकृष्ट आहाराच्या घरी ठेवून औषधे दिली काय, गुण जवळपास सारखाच येतो आणि घरच्यांना होणारा संसर्गही वाढत नाही. घरी भेट देऊन गोळ्या मोजण्याची रीत येथे तेव्हापासून रुळली. एचआयव्हीबाधितांना भारतात सर्वाधिक गाठणारा संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्यावर बळावणारा) आजार क्षयच असल्याने मुंबईतील गृहभेटीचा सांगाडा क्षयरोगाच्या कामातून आला, आणि त्यावर सोबत व समुपदेशन ही बाहेरून आलेली अंगे चढली, असे मानणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरुग्णालयाच्या आवारात असावे, हा योगायोग असला तरी, कुष्ठही कलंक लावणारा रोग असल्याने, बोलका आहे.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत सुनीती सॉलोमन व सेलप्पन निर्मला यांच्या तपासणीतून उघड झाली. एड्सचा पहिला रुग्ण त्याच वर्षी मुंबईत आढळला, असे साधारणतः धरले जाते. शहरातील गृहशुश्रूषा नव्वदीच्या दशकात आकाराला आली असावी. त्या काळात शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातून वा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातून ‘घरी न्या’ असे सांगून सोडलेल्या रुग्णाचे घरी काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि अनेकांना तर घरही नव्हते. कोकणात, साताऱ्याकडे किंवा सोलापुरात गावी नेऊन सोडणे हा रिवाजच होता. या पोकळीत काही स्वयंसेवी संस्था उतरल्या. १९९० मध्ये स्थापन झालेली कमिटेड कम्युनिटीज डेव्हलपमेंट ट्रस्ट ही बाधित कुटुंबांतील मुलांसाठी काम करणारी संस्था त्यांपैकी एक होय. मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षाचा साठा सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेला (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) ३५० डॉलरांना देऊ केला, तरी तेवढी रक्कमही गिरणगावातल्या घराला झेपणारी नव्हती. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधे, सुरू केली. पहिल्या काही रुग्णालयांत जे. जे. रुग्णालय होते. त्यानंतर मरणाऱ्याजवळ बसण्याचे काम हळूहळू जगणाऱ्याच्या गोळ्या सांभाळण्याचे झाले.

घर या शब्दाचा मुंबईतील अर्थ या पद्धतीच्या केंद्रस्थानी आहे. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची असते. पुष्कळ चाळींत संडास सामाईक असतो आणि व्हरांडा सगळ्यांचा असतो. खोकणाऱ्या रुग्णाला मोकळ्या हवेत झोपवावे हे शास्त्राला धरून आहे, पण व्हरांड्यात खाट टाकली की मजलाभर प्रश्न सुरू होतात. म्हणून स्वयंसेविका संस्थेचे नाव छापलेली पिशवी नेत नाही, ओळखपत्र पर्सच्या आत ठेवते आणि विचारल्यास ‘बचत गटाची’ किंवा ‘मावशीच्या ओळखीची’ असे सांगते. गोळ्यांच्या डबीवरचा कागद भिजवून खरवडला जातो. डबी हलली की वाजते, म्हणून तिच्यात कापूस कोंबतात. याच गुप्ततेपायी घराजवळचे औषधे देणारे केंद्र टाळून दूरचे केंद्र निवडण्याची प्रवृत्ती दिसते.

शुश्रूषेचे तंत्र साधे, पण काटेकोर आहे. जुलाबासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. तोंडात पांढरा थर आल्यास तिखट बंद करून मऊ भात, पेज, ताक. उठता न येणाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून देणे. रक्ताने माखलेले कपडे हातमोजे घालून, आणि ते नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून उचलतात व ब्लीचच्या द्रावणात अर्धा तास बुडवून मग साबणाने धुतात. एकत्र जेवण्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने वा कूस बदलून देण्याने लागण होत नाही, हे घरच्यांना पटवण्यासाठी स्वयंसेविका त्याच घरात चहा घेते. तो चहा प्रशिक्षणाचाच भाग समजला जातो. स्वयंसेविकेला खरा धोका एचआयव्हीपेक्षा क्षयाचा असतो, म्हणून पहिल्या भेटीत आधी खिडकी उघडायची असते. आरंभीच्या उपचारात स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन व नेव्हिरपीन ही औषधे दिवसातून दोनदा घ्यावी लागत. महिन्याच्या साठ मात्रांपैकी तीनाहून कमीच चुकल्या तर पालन (ठरल्या मात्रांपैकी घेतलेल्यांचे प्रमाण) ९५ टक्क्यांवर राहते, या हिशेबामुळे गोळ्या मोजणे हे भेटीतले मुख्य काम बनले. नेव्हिरपीनने अंगावर उठणारे पुरळ आणि स्टॅव्हुडीनने पायांना येणाऱ्या मुंग्या ओळखणेही तिला शिकवले जाई.

‘स्वयंसेवी’ हे विशेषण पूर्णार्थाने घेऊ नये. काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्यांतही पुष्कळ जणी स्वतः बाधित आणि विधवा असतात. त्यांना मिळणारे मानधन अनेकदा घरात येणारा एकमेव पैसा असतो. २०१३ पासून ‘विहान’ या नावाने चाललेल्या काळजी व आधार केंद्रांनी हे काम बाह्यसंपर्क कार्यकर्त्यांकडे, म्हणजे पगारी चौकटीकडे, वळवले.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने संमतीवाचून लागण उघड करण्यास मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच एका बाधित कामगाराला नाव झाकून, केवळ आद्याक्षरांनिशी दाद मागू दिली होती. कायद्याची आणखी एक तरतूद गृहशुश्रूषेशी थेट निगडित आहे : आईवडील गेलेल्या वा अंथरुणाला खिळलेल्या घरात, बारा ते अठरा वर्षांचे समजदार भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते व उपचार यांसाठी सही करू शकते. थोरल्या बहिणीने भावाच्या गोळ्यांची वेळ सांभाळणे हे त्याआधीही चालू होतेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून लोकल बंद झाल्या, तेव्हा दूरचे केंद्र निवडणारे विरार-कल्याणकडचे रुग्ण अडकले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्यास मुभा दिली, आणि स्वयंसेवकांकरवी त्या पोहोचवण्याचा मार्ग पुन्हा वापरात आला. मात्र आता देवघेव बहुधा खोलीच्या दारात न होता इमारतीच्या फाटकावर, साध्या कापडी पिशवीतून होऊ लागली.