सबवूफरची मांडणी

सबवूफरची मांडणी : गाणी ऐकण्याच्या खोलीत खर्जाचे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू यावेत म्हणून सबवूफरची जागा ठरवण्याची पद्धत. सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर; घरात तो साधारणपणे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज सांभाळतो. तिथे बास, म्हणजे हा खर्ज, बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रामुळे नव्हे, भिंतींमुळे.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ३४ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास १० मीटर. ५ मीटर लांबीच्या खोलीत तिचा अर्धा तरंग नेमका मावतो आणि समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटा मिसळून स्थिर तरंग उभा राहतो; हाच खोलीचा अनुनाद. या स्वराचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वाधिक, तर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो घुमतो आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत हरवतो. ४ मीटर रुंदीचा असाच अनुनाद ४३ हर्ट्झला येतो.

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर हे सगळे अनुनाद एकदम जागे करतो. आवाज दणदणीत येतो, पण काही स्वर फुगतात. इक्वलायझरने, म्हणजे निवडक स्वरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने, फुगवटा उतरवता येतो. जिथे स्वर हरवतो तो खड्डा मात्र भरत नाही, कारण तिथे जितका आवाज वाढवावा तितकाच परतून त्याला खोडतो.

एकच सबवूफर असेल तर जुना उपाय उत्तम : तो ऐकण्याच्या खुर्चीत ठेवावा, चढत-उतरत जाणारी बास गिटारची ओळ लावावी आणि कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून भिंतीकडेने रांगत जावे. जिथे एकही स्वर फुगत वा बुडत नाही, तिथे सबवूफर न्यावा. स्रोत आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी परिणाम तोच राहतो.

बसणारे अनेक असतील तर एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांवरचा अभ्यास मांडला. चारही भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवणे त्यात सरस ठरले, पण समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावरचे दोनही फारसे मागे नव्हते. लांबीच्या पहिल्या अनुनादात दोन टोकांचे दाब एकमेकांविरुद्ध असतात. दोन्ही सबवूफर एकाच तालात ढकलतात, म्हणून तो उभाच राहत नाही. रुंदीचा पहिला अनुनादही जागत नाही, कारण भिंतीचा मध्य हा त्याचा निस्पंद, म्हणजे जिथे त्याचा दाब जवळजवळ शून्य असतो ती जागा.

हॉल स्वयंपाकघराकडे उघडा असेल किंवा एक भिंत तिरकी असेल, तर ही सममिती मोडते. तिथे प्रत्येक बैठकीवर मायक्रोफोन ठेवून मोजमापच घ्यावे लागते.