हुकूमशहा हटला, त्याच्या फौजेचे काय?

बाहेरच्या फौजेने राजवट उलथवायची आणि तिथेच नवे राज्य बसवायचे, हे खान्देशाने दोनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांच्या हातून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारीत थाळनेर पडले आणि किल्लेदाराला फासावर चढवले. जूनमध्ये मालेगावच्या अरब शिबंदीने किल्ला खाली केला. अरब-पेंढाऱ्यांच्या जाचातून रयत सुटली, अशी नोंद नव्या सरकारने केली. नोंद करणारेही तेच होते म्हणा. भिल्ल मात्र आवरेनात. डोंगरात जाणारे धान्य रोखून पाहिले, चढाया करून झाल्या. शेवटी १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. म्हणजे ज्यांच्याशी लढायचे, त्यांनाच पगारावर घेतले. उलटे उदाहरणही इथलेच आहे. सेंधवा घाट राखणाऱ्या नाईकाची नोकरी गेली आणि १८५७ मध्ये तोच उठावाचा पुढारी झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे जर्मनी-जपान सर्वांना ठाऊक आहेत. फक्त एक गोष्ट सहसा सुटते. जपानचे सैन्य मोडले ते जपानच्याच लष्करी खात्यांकडून. डिसेंबर १९४५ मध्ये त्या खात्यांचे रूपांतर सैनिकांना घरी पाठवणाऱ्या खात्यांत झाले. हिशेब ठेवणारे कारकून जुनेच राहिले.

इराकमध्ये नेमके हेच झाले नाही. ९ एप्रिल २००३ रोजी अमेरिकी फौजांपुढे बगदाद पडले. १६ मे रोजी सद्दाम हुसेनच्या सत्ताधारी बाथ पक्षाच्या वरच्या चार थरांतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढण्याचा हुकूम अमेरिकी प्रशासनाने काढला. त्यात शाळामास्तरही सापडले. २३ मे रोजी दुसऱ्या हुकमाने सैन्य, संरक्षण खाते आणि गुप्तचर यंत्रणा बरखास्त झाली. सुमारे चार लाख माणसे एका कागदाने बेकार झाली, आणि बंदुका घरीच होत्या.

या हुकमावरचा वाद अजून मिटलेला नाही. हुकूम काढणारे सांगतात की मोडायला सैन्य उरलेच नव्हते. शिपाई आधीच पळाले होते, छावण्यांच्या खिडक्या-दारेसुद्धा लुटून नेली होती. शिवाय जुनी फौज परत बोलावली असती, तर सद्दामच्या राजवटीत भरडले गेलेले शिया आणि कुर्द बिथरले असते. यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण मार्चमध्ये वॉशिंग्टनला ठरले होते ते वेगळेच: नियमित सैन्य ठेवायचे आणि पुनर्बांधणीच्या कामाला लावायचे. ते दोन महिन्यांत कोणी, कोणाला विचारून फिरवले, यावर त्या सरकारातली माणसे आजही एकमेकांकडे बोट दाखवतात. पळालेल्या शिपायाला हजेरीला बोलावता येते. बरखास्त केलेल्याला कोणत्या नात्याने बोलावणार? जूनमध्ये बगदादेत माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन दोघे मेले. त्यानंतर काही दिवसांत भत्ता जाहीर झाला. तोच भत्ता महिनाभर आधी दिला असता, तर तो उदारपणा ठरला असता.

पुढे २००६-०७ मध्ये अनबार प्रांतात अमेरिकेने धरणगावचाच मार्ग धरला. कालपर्यंत गोळ्या झाडणाऱ्या सुन्नी टोळ्यांतली माणसे महिना सुमारे ३०० डॉलरवर पहाऱ्याला बसवली. त्यांची संख्या एक लाखाच्या घरात गेली आणि हिंसाचार झपाट्याने उतरला. नंतर ती बगदाद सरकारच्या हवाली झाली. वीस टक्क्यांना फौज-पोलिसांत घेण्याचे आश्वासन रेंगाळत राहिले. जून २०१४ मध्ये मोसुल पडले, तेव्हा ते जिंकणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेच्या वरच्या फळीत सद्दामचे जुने अधिकारी होते.

अफगाणिस्तानात अमेरिकेने फौज नव्याने बांधली. कागदावर तीन लाखांची ती फौज ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानपुढे काही दिवसांत विरली.

ताजा दाखला सिरियाचा आहे. तिथली असद राजवट डिसेंबर २०२४ मध्ये बंडखोरांनीच पाडली. २९ जानेवारी २०२५ रोजी जुने सैन्य, गुप्तचर खाती आणि तिथला सत्ताधारी बाथ पक्ष बरखास्त झाल्याचे जाहीर झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुन्या राजवटीच्या हत्यारबंद माणसांनी किनारपट्टीवर नव्या सरकारच्या चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतरच्या सूडात अलवी, म्हणजे असद ज्या पंथाचे त्या पंथाच्या, वस्त्यांमधली शेकडो माणसे मारली गेली.