शेअर्ड लायब्ररीतील कोणते नाव बाहेर दिसावे?

काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्याचे उपग्रहचित्र एखादा विद्यार्थी क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो, तेव्हा ते काम तो प्रोग्रॅम एकटा करत नाही. चित्राची फाइल वाचण्याचे काम जीडाल नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, करते, गोल पृथ्वीवरील ठिकाणे सपाट नकाशावर आणण्याचे गणित प्रोज करते, टिफ प्रकारच्या फाइलचे बारकावे लिबटिफला ठाऊक असतात आणि आवळून साठवलेली माहिती उलगडण्यासाठी झेडलिब लागते. महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर नागपुरात व्हीएनआयटीच्या परिसरात आहे आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची प्रादेशिक शाखाही याच शहरात आहे. त्यामुळे ही नावे इथे नकाशांवर काम करणाऱ्या अनेकांच्या परिचयाची आहेत. मात्र स्वतंत्रपणे लिहिलेल्या, वेगवेगळ्या देशांतील लोकांनी सांभाळलेल्या या लायब्रऱ्या चालत्या प्रोग्रॅममध्ये एकमेकींची फंक्शने कशी शोधतात आणि त्या शोधात गफलत का होते, हे सहसा कोणी सांगत नाही. अशी शेअर्ड, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामाईक, लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा विषय ठाऊक असायलाच हवा, असे मला वाटते.

माणसाने लिहिलेला कोड यंत्रभाषेत आणणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. तो सी किंवा सी प्लस प्लस या भाषांतील प्रत्येक सोर्स फाइलपासून एक ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. तिच्यात यंत्रभाषेतील सूचनांबरोबर नावांचा एक तक्ता असतो. काही नावांची व्याख्या त्या फाइलमध्येच झालेली असते, तर काहींचा केवळ उल्लेख असतो आणि ती कुठेतरी बाहेर सापडतील असे गृहीत धरलेले असते. या तक्त्यातील नोंदीला सिम्बॉल म्हणतात. या फाइली जोडणारा प्रोग्रॅम म्हणजे लिंकर. तो सर्व ऑब्जेक्ट फाइलींचे तक्ते समोर ठेवतो आणि प्रत्येक अपुऱ्या उल्लेखाला व्याख्या शोधून देतो. शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीत मात्र हे काम तिथे संपत नाही. लायब्ररीची फाइल वेगळीच राहते आणि प्रोग्रॅम सुरू होतो त्या क्षणी डायनॅमिक लिंकर तिला स्मृतीत आणून उरलेली जुळणी करतो. त्यासाठी लायब्ररीत दुसरा, छोटा तक्ता असतो. कोणते नाव या दुसऱ्या तक्त्यात जाईल आणि कोणते आतच राहील, हा सिम्बॉलच्या दृश्यतेचा प्रश्न आहे.

लिनक्सवर डायनॅमिक लिंकर नाव शोधताना ते कोणत्या लायब्ररीकडून अपेक्षित आहे हे विचारातच घेत नाही. तो आधी मुख्य प्रोग्रॅम पाहतो, मग त्याने थेट मागितलेल्या लायब्रऱ्या क्रमाने पाहतो, नंतर त्या लायब्रऱ्यांनी मागितलेल्या लायब्रऱ्या पाहतो, आणि ज्या ठिकाणी ते नाव प्रथम सापडेल तिथे थांबतो. नागपुरातील सीताबर्डीच्या मेन रोडवर कोणी नुसती 'भाऊ' अशी हाक मारली तर सर्वांत जवळचा माणूस वळून पाहतो, मग हाक त्याच्यासाठी असो वा नसो. इथेही तसेच होते. विंडोजमध्ये ही हाक लायब्ररीच्या नावासकट दिली जाते, आणि मॅकनेही 2001 मधील मॅक ओएस एक्स 10.1 पासून प्रत्येक नावासोबत लायब्ररीची नोंद ठेवण्याची द्विस्तरीय पद्धत स्वीकारली. लिनक्सवरील नावांचा चौक मात्र सपाट आणि सामाईक आहे.

याचा फटका कसा बसतो, हे लिबटिफच्याच उदाहरणावरून दिसते. जुन्या टिफ फाइलला 4 गिगाबाइटची मर्यादा होती, कारण फाइलमधील जागा दाखवणारे आकडे 32 बिटचे होते. मोठ्या उपग्रहचित्रांना ही मर्यादा अपुरी पडू लागली, म्हणून लिबटिफच्या चौथ्या आवृत्तीत ते आकडे 64 बिटचे झाले. जीडालने ही नवी आवृत्ती आपल्या पोटात घेतली होती, परंतु त्या काळातील अनेक लिनक्स वितरणांमध्ये तिसरीच आवृत्ती होती आणि खिडक्या-बटणे काढणाऱ्या लायब्रऱ्या तीच वापरत. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये आल्या की फाइल उघडणाऱ्या 'टिफओपन' या फंक्शनचे नाव दोनदा उपलब्ध होई. जीडालने केलेली हाक जुन्या लिबटिफकडे गेली, तर पाठवणारा 64 बिटचा आकडा देई आणि घेणारा 32 बिटचा समजून वाचे. शिवाय फक्त नव्या आवृत्तीत असलेली फंक्शने जीडालच्या आतलीच मिळत, म्हणजे एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याच्या हाती जाई. परिणामी प्रोग्रॅम कोसळे. यावर उपाय म्हणून जीडालने आतील लिबटिफच्या प्रत्येक नावापुढे 'जीडाल' हा उपसर्ग लावण्याची सोय केली आणि आतील नावे लपवण्याचा वेगळा पर्यायही दिला. यात कोणाच्याही कोडमध्ये चूक नव्हती. जी नावे बाहेर दिसण्याचे काही कारण नव्हते ती दिसत होती, एवढेच.

ही सपाट रचना निष्काळजीपणातून आलेली नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस युनिक्सवर शेअर्ड लायब्रऱ्या आल्या आणि सिस्टिम व्ही रिलीज 4 या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर ईएलएफ ही फाइलरचना आली, तेव्हा जुने प्रोग्रॅम न बदलता चालावेत अशी अपेक्षा होती. सर्व काही एकाच फाइलमध्ये जोडण्याच्या जुन्या पद्धतीत प्रोग्रॅमने स्मृती मागून घेणारे 'मॅलॉक' हे फंक्शन स्वतः लिहिले तर लायब्ररीतले 'मॅलॉक' आपोआप बाजूला पडत असे. शेअर्ड लायब्ररीतही तसेच व्हावे म्हणून लायब्ररीने आपल्याच फंक्शनला केलेली हाकसुद्धा बाहेरच्या शोधातून जाऊ लागली. या गुणाचा आजही उपयोग होतो. स्मृतिवाटपाचे काम जेमॅलॉक या लायब्ररीकडे सोपवायचे असेल, तर प्रोग्रॅम पुन्हा न बांधता ती लायब्ररी आधी दाखल करणे पुरते.

मात्र प्रत्येक फंक्शनला अशी मुभा देण्याची किंमत मोजावी लागते. आपलेच फंक्शन ऐन वेळी कोणी बदलेल अशी शक्यता असल्यामुळे कंपायलरला त्याचे कोड हाक मारणाऱ्या फंक्शनमध्ये विरघळवून टाकता येत नाही. हाक थेट न जाता पत्त्यांच्या एका मधल्या तक्त्यातून जाते, आणि प्रोग्रॅम सुरू होताना जुळवायची नावेही वाढतात. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनच्या नावात त्याच्या निविष्टींचे प्रकार गुंफलेले असल्यामुळे ही नावे कधी कधी शेकडो अक्षरांची असतात, आणि मोठ्या लायब्ररीत ती हजारोंनी असतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या उदाहरणात ही किंमत आकड्यात दिसते. 2021 मधील पायथॉन 3.10 मध्ये 'आमची फंक्शने बाहेरून बदलली जाणार नाहीत' असे जीसीसी कंपायलरला सांगणारा एक पर्याय जोडला गेला, आणि शेअर्ड लायब्ररीच्या रूपात बांधलेला पायथॉन 30 टक्क्यांपर्यंत वेगवान झाला. भाषेतील एकही नियम त्यासाठी बदलावा लागला नाही.

आता दृश्यतेच्या पायऱ्या पाहू. सी भाषेतील 'स्टॅटिक' हा शब्द नावाला एका सोर्स फाइलपुरते बांधतो, आणि तसे न केलेले नाव सर्व जगाला दिसते. लायब्ररी मात्र वीस-पंचवीस, कधी शेकडो फाइलींची बनलेली असते. एका फाइलमधील मदतनीस फंक्शन दुसऱ्या फाइलला हवे असते, पण लायब्ररीबाहेर कोणालाही नको असते. ही मधली गरज भागवण्यासाठी ईएलएफमध्ये प्रत्येक सिम्बॉलच्या नोंदीत दृश्यतेसाठी दोन बिट राखून ठेवले गेले. त्यात चार मूल्ये मावतात. 'डिफॉल्ट' म्हणजे नाव बाहेर दिसते आणि बदलताही येते. 'हिडन' म्हणजे लायब्ररीतील सर्व फाइलींना ते दिसते. पण लायब्ररी जोडून झाली की लिंकर त्याला स्थानिक करून टाकतो आणि बाहेरच्या तक्त्यात त्याची नोंदच करत नाही. 'प्रोटेक्टेड' म्हणजे नाव बाहेरच्यांना दिसते, पण लायब्ररीच्या आतील हाका नेहमी आतल्याच व्याख्येकडे जातात. ऐकायला हा मधला मार्ग आदर्श वाटतो. परंतु मुख्य प्रोग्रॅमने लायब्ररीतील चलाची स्वतःकडे प्रत करून घेतली किंवा फंक्शनच्या पत्त्यांची तुलना केली, तर त्यातून इतक्या अडचणी निघतात की तो सहसा टाळलेलाच बरा. चौथे मूल्य 'इंटर्नल' रोजच्या कामात क्वचितच भेटते. एकाच नावाबद्दल दोन ऑब्जेक्ट फाइलींनी वेगवेगळी दृश्यता सांगितली, तर लिंकर अधिक कडक असलेली मान्य करतो.

व्यवहारात खरा प्रश्न असतो तो काहीच न सांगितल्यास काय होते याचा. विंडोजवर डीएलएल, म्हणजे तिथली शेअर्ड लायब्ररी, बांधताना जे नाव मुद्दाम बाहेर द्यायचे म्हणून नोंदवले तेवढेच बाहेर जाते. लिनक्सवर याच्या नेमके उलट आहे. काही न सांगितल्यास स्टॅटिक नसलेले प्रत्येक नाव बाहेर जाते. एप्रिल 2005 मध्ये आलेल्या जीसीसी 4.0 ने संपूर्ण फाइलची मूळ दृश्यता 'हिडन' ठरवण्याचा कंपायलर पर्याय दिला, आणि तेव्हापासून लिनक्सवरही विंडोजसारखी शिस्त पाळणे सोपे झाले. आधी सर्व नावे झाकायची आणि मग हेडर फाइलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांसाठीच्या यादीत, जाहीर केलेल्या मोजक्या फंक्शनांना एका मॅक्रोच्या (कोडमधील लघुरूपाच्या) साहाय्याने 'डिफॉल्ट' करायचे, अशी ही पद्धत आहे. नवी लायब्ररी सुरू करणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण एकदा बाहेर दिसलेले नाव कोणीतरी वापरू लागतो, आणि मग ते काढून घेणे म्हणजे त्या माणसाचा चालता प्रोग्रॅम बंद पाडणे होय.

हे अँड्रॉइडवर मोठ्या प्रमाणावर घडले. अनेक ॲप फोनमधील अशा लायब्रऱ्या परस्पर वापरत होते ज्या त्यांच्यासाठी जाहीर केलेल्या नव्हत्या. अँड्रॉइड 6 मध्ये सांकेतिक संदेशवहनाच्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या जागी बोरिंगएसएसएल आल्यावर त्यांतील काही अडचणीत आले, आणि 2016 मधील अँड्रॉइड 7 ने खाजगी लायब्रऱ्यांकडे जाणारी ही वाट बंद केली.

जे नाव बाहेर द्यायचेच आहे त्याचे वर्तन पुढे बदलावे लागले तर काय करायचे, याचे उत्तर लिंकरला दिल्या जाणाऱ्या व्हर्जन स्क्रिप्टमध्ये आहे. या छोट्या मजकुरात बाहेर जाणारी नावे आवृत्तीनिहाय लिहिलेली असतात आणि शेवटी एका तारांकनाने बाकी सर्व नावे स्थानिक ठरवता येतात. 2010 च्या अखेरीस जीलिबसी या लिनक्सवरील सी भाषेच्या मूळ लायब्ररीमधील 'मेमकॉपी' हे स्मृतीचा तुकडा हलवणारे फंक्शन काही प्रोसेसरवर उलट्या दिशेने काम करू लागले. एकमेकांवर आलेल्या तुकड्यांसाठी ते वापरू नये हा नियम जुनाच होता. पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरने तो पाळलेला नव्हता आणि फेडोरा 14 या लिनक्स वितरणावर त्याचा आवाज फाटू लागला. 2011 मधील जीलिबसी 2.14 मध्ये 64 बिट संगणकांसाठी एकाच नावाच्या दोन आवृत्त्या ठेवल्या गेल्या. जुने बांधलेले प्रोग्रॅम सुरक्षित वागणाऱ्या जुन्या आवृत्तीला जोडले जातात आणि नव्याने बांधलेले नव्या आवृत्तीला.

दृश्यता म्हणजे कुलूप मात्र नव्हे. झाकलेल्या फंक्शनचा पत्ता लायब्ररीने स्वतःहून बाहेर दिला तर ते बाहेरून खुशाल चालवता येते. केवळ नावाने शोधता येत नाही. तसेच आधीच बांधून ठेवलेली स्टॅटिक लायब्ररी (जी फाइलमध्येच जोडली जाते) आपल्या शेअर्ड लायब्ररीत मिसळली, तर आपला कंपायलर पर्याय तिला लागू होत नाही आणि तिची नावे बाहेर झिरपतात. ती रोखण्यासाठी लिंकरलाच वेगळी सूचना द्यावी लागते किंवा व्हर्जन स्क्रिप्ट वापरावी लागते. सी प्लस प्लसमध्ये जो अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक कळवणारी वस्तू) एका लायब्ररीत फेकून दुसरीत पकडायचा असतो त्याचा वर्ग झाकून चालत नाही, कारण प्रकाराची ओळख दोन ठिकाणी वेगळी झाली तर काही प्लॅटफॉर्मवर पकडणाऱ्याला तो ओळखताच येत नाही. आतील फंक्शनांच्या चाचण्यांनाही ती नावे दिसेनाशी होतात. त्यावर त्याच ऑब्जेक्ट फाइली चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये थेट जोडणे हा सरळ उपाय आहे.

या सर्व तपासासाठी महागडी साधने लागत नाहीत. लिनक्सवरील 'एनएम' ही आज्ञा डायनॅमिक तक्ता दाखवण्याच्या पर्यायासह चालवली की बाहेर गेलेल्या नावांची यादी समोर येते, आणि ती हेडर फाइलमधील फंक्शनांशी ताडून पाहता येते. डेबियन या लिनक्स वितरणात अनेक लायब्रऱ्यांच्या पॅकेजसोबत अशी यादी जपून ठेवलेली असते. पॅकेज नव्याने बांधताना नवी यादी जुनीशी ताडली जाते आणि आधी असलेले एखादे नाव गायब झालेले दिसले की बांधणी तिथेच थांबते.