मोठी लिपी, लहान लिपी आणि गळलेला पूर्णविराम

ऐरोलीतील एका मराठी शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलीची इंग्रजीची चाररेघी वही गेल्या महिन्यात पाहण्यात आली. स्वतःविषयी पाच वाक्ये लिहायची होती आणि ती तिने एका दमात लिहून काढली होती. ‘माय नेम इज’पासून ‘आय लाइक मँगो’पर्यंत एकही पूर्णविराम नव्हता. ‘आय’ प्रत्येक ठिकाणी लहान लिपीतला होता, स्वतःचे नाव लहान अक्षराने सुरू झाले होते आणि ‘मँगो’ला मात्र मोठा एम मिळाला होता. खाली लाल शाईत शेरा होता, ‘लक्ष देऊन लिही’. स्पेलिंग एकही चुकलेले नव्हते. म्हणजे लक्ष पुरेसे होते. तिची मराठीची वही उघडली, तर तिथेही पूर्णविराम जागोजाग गळलेले होते, पण ते कोणाला खटकले नव्हते.

ते का खटकले नसावेत, याचे उत्तर मराठीच्या घडणीत आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते. ‘आहे’, ‘गेला’, ‘करते’ असा शब्द आला की वाक्य मिटले हे कानाला कळते, आणि पूर्णविराम राहून गेला तरी वाचणारा अडखळत नाही. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये येते आणि शेवट कोणत्याही शब्दावर होऊ शकतो. त्यामुळे ‘आय लिव्ह इन ऐरोली माय फादर’ इथपर्यंत वाचले, तरी ‘माय फादर’ मागच्या वाक्याचा की पुढच्या, हे ठिपका पाहिल्याशिवाय ठरत नाही. बोललेले शब्द वेगळे दाखवण्याचे कामही मराठीत ‘असे म्हणाला’, ‘म्हणून सांगितले’ हे शब्द शतकानुशतके करत आले आहेत. इंग्रजी ते काम अवतरणचिन्हांवर सोपवते.

लिहिण्याची जुनी रीतही याच्याशी जुळणारी होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुन्या घरांतून आजही जमिनीच्या व्यवहाराचे मोडी कागद निघतात. असा एखादा कागद नीट पाहावा. लिहिणाऱ्याने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढलेली असते आणि मग तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लावत नेलेली असतात. दोन शब्दांत जागा नसते, ओळ संपली की शब्द तिथेच तुटून पुढच्या ओळीत उतरतो आणि वाक्य कुठे संपले, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे असते. बाळबोध, म्हणजे देवनागरी, पोथ्यांत दंड (उभी रेघ) असे, पण तो मुख्यतः श्लोकाचा किंवा ओवीचा चरण मोजण्यासाठी. माणसाचे नाव ओळखण्यासाठी मोठे अक्षर नव्हते आणि देवनागरीत ते आजही नाही. ते काम ‘राजश्री’, ‘रा. रा.’, ‘सौ.’ ही बिरुदे करीत.

मराठीत विरामचिन्हे रुजली ती एकोणिसाव्या शतकात, छापखाना आणि शालेय पुस्तके यांच्यामार्फत. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारच्या स्तंभांत छापला जाई, दोन लेखनपद्धती वाचकाच्या नजरेसमोर एकत्र आल्या त्या अशा. चिन्हांची रीतसर मांडणी मात्र मेजर थॉमस कँडी यांच्या नावावर जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते सहभागी होते आणि सरकारी शालेय पुस्तकांच्या भाषेवर त्यांची बारीक नजर असे. १८५० साली त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक निघाले. त्यांच्यावर मराठीला इंग्रजी वळण लावल्याचा आक्षेप पुढे पुष्कळांनी घेतला. तो निराधार नाही. परंतु आज मराठी गद्याचे कोणतेही पान आपण स्वल्पविरामांशिवाय वाचू इच्छिणार नाही, हेही खरे.

या परंपरेने मराठीला दिलेला ‘विरामचिन्ह’ हा शब्दच मला मुलांच्या अडचणीचे मूळ वाटतो. विराम म्हणजे थांबणे. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम ही नावे थांबण्याच्या लांबीवरून पडलेली आहेत. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख अरिस्टोफनीस याने सलग लिहिलेल्या ग्रीक मजकुरात तीन उंचींवर ठिपके देण्याची पद्धत सुचवली, ती मोठ्याने वाचणाऱ्याला श्वास कुठे घ्यावा हे कळावे म्हणून. १७९५ साली निघालेल्या लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणातही हिशेब तोच आहे: स्वल्पविराम सर्वांत छोटा, अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम अपूर्णविरामाच्या दुप्पट. कँडी इंग्लंडात शिकले, तेव्हा तेथील शाळांत हे व्याकरण चांगलेच चलनात होते. ‘स्वल्पविरामाला एक मोजा, पूर्णविरामाला दोन मोजा’ असे आजही वर्गात सांगितले जाते, ते याच घराण्यातले.

दरम्यान इंग्रजी लेखन बदलले. आयर्लंडमधील मठांतल्या लेखनिकांनी सातव्या-आठव्या शतकांत लॅटिन शब्दांमध्ये जागा सोडण्याची सवय रुजवली, १४९०च्या दशकात व्हेनिसच्या आल्डुस मनुतियुस यांच्या छापखान्यात अर्धविरामाचे आजचे रूप छापले गेले आणि पुढे मूकवाचन वाढत गेले, तसे चिन्ह श्वासाऐवजी वाक्यरचनेचे जोड दाखवू लागले. आजच्या उत्तरपत्रिकेत परीक्षक वाक्यरचनाच तपासतो. मूल मात्र शिकवल्याप्रमाणे जिथे दम लागतो तिथे स्वल्पविराम देते, आणि लांब कर्त्यानंतर हमखास चुकते.

मोठ्या अक्षरांची गोष्ट वेगळी आहे. प्राचीन रोमन शिलालेख फक्त मोठ्या अक्षरांत कोरलेले आहेत. लहान लिपीचे आजचे रूप प्रामुख्याने पश्चिम युरोपात, फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या राज्यात, आठव्या शतकाच्या अखेरीस घडले आणि पुढे दोन्ही लिपी एकाच ओळीत नांदू लागल्या. खिळ्यांच्या छपाईत मोठ्या अक्षरांचा खणांचा ट्रे वर आणि लहान अक्षरांचा खाली ठेवला जाई. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे तिथून आली. अठराव्या शतकात इंग्रजी मजकुरात जवळजवळ प्रत्येक नामाला मोठे अक्षर मिळत असे. १७८७ सालच्या अमेरिकी राज्यघटनेच्या हस्तलिखितात ते दिसते. आपली चौथीतली मुलगी ‘मँगो’ मोठ्या एमने लिहिते, तेव्हा ती फार तर अडीचशे वर्षे उशिरा आली, एवढेच. ‘आय’ मोठा झाला तो मध्ययुगीन हस्तलिखितांत एकटा पडलेला लहान ‘आय’ नजरेतून निसटत असे म्हणून. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावे मोठ्या अक्षराने लिहायची, ऋतूंची नाही, यामागे तर्कापेक्षा रूढीच अधिक आहे, आणि रूढी पाठच करावी लागते हे मुलांना मोकळेपणाने सांगितलेले बरे.

महाराष्ट्रात या शिकण्याचे वयही बदलत गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून शिकवले जाई, पुढे ते पाचवीपासून झाले आणि २०००च्या जूनपासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून आले. पाचवीत इंग्रजीला बसणाऱ्या मुलाचे मराठी लेखन पक्के झालेले असे. पहिली लिपी, दुसरी लिपी, तिसरी, चौथी, असे मोठे-लहान छापील आणि मोठे-लहान वळणदार संच तो ओळीने गिरवत असे आणि ‘वाक्याची सुरुवात पहिल्या लिपीने’ हा नियम त्याला समजण्याजोगा असे. आता सहा वर्षांचे मूल बाराखडी आणि एबीसीडी एकाच वेळी गिरवते. शिवाय त्याच्या आजूबाजूचे इंग्रजी बहुतेक मोठ्या लिपीतच असते: ठाणे, ऐरोली, घणसोली या स्थानकांवरच्या पाट्या, दुकानांचे फलक, दहीहंडीचे बॅनर. मोबाइलवर वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे होते, म्हणजे तो निर्णय मुलाला स्वतः घ्यावाच लागत नाही.

त्या मुलीला श्वास मोजायला न सांगता एकच काम दिले: प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि ते कोणी केले, त्यावर बोट ठेवायचे. पाच क्रियापदे, पाच कर्ते सापडले. मग प्रत्येक नवा कर्ता सुरू होण्याआधी आणि अगदी शेवटी, असे तिने आपणहून पाच ठिपके दिले. चौथा चुकीच्या जागी पडला, तो वाचून दाखवल्यावर तिनेच खोडला. ‘आय’ मात्र अजून लहानच आहे. जूनमध्ये ती पाचवीत जाईल आणि हिंदीच्या तासाला वाक्य उभ्या दंडाने संपवायला शिकेल. त्यानंतरचे काही महिने तो दंड तिच्या इंग्रजीच्या वहीतही डोकावेल, आणि तेव्हाही लाल शाईत बहुधा ‘लक्ष देऊन लिही’ असेच लिहिले जाईल.