साथरोगशास्त्रातली पीएचडी: कोर्सवर्कची अट आणि अर्ज जिथे अडतो ते कागद

पीएचडीच्या माहितीपत्रकातला कोर्सवर्कचा, म्हणजे पीएचडीत सक्तीने करायच्या अभ्यासक्रमाचा, भाग बहुतेक जण प्रवेश मिळाल्यावर वाचतात. आधी आत तर शिरू, अभ्यासाचं मग बघू, असा हिशोब असतो. पण नोकरदाराची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), गाईडची रिकामी जागा, सहा वर्षांची मुदत आणि एथिक्स कमिटीची तारीख या सगळ्याचा संबंध कोर्सवर्कशी येतो. साथरोगशास्त्रात, म्हणजे एपिडेमिऑलॉजीत, तो जास्तच जाणवतो. कारण इथे अर्ज करणारे बरेच जण आरोग्य खात्यात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात आधीच नोकरीला असतात.

नियम कुठले लागू आहेत ते आधी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीबाबतचे सध्याचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले. व्हॉट्सॲपवर अजूनही २०१६ च्या नियमांची पीडीएफ फिरत असते. तिच्यात कोर्सवर्क किमान ८ क्रेडिटचं आहे आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापणं सक्तीचं आहे. या दोन्ही गोष्टी बदलल्या. आता कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं आहे आणि शोधनिबंधाची केंद्रीय सक्ती गेली. मात्र विद्यापीठ स्वतःच्या अध्यादेशात जास्तीची अट घालू शकतं. म्हणून यूजीसीचे विनियम आणि त्या विद्यापीठाचा पीएचडी अध्यादेश, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कार्यालयातल्या खिडकीवर तोंडी मिळालेलं उत्तर पुढच्या आठवड्यात बदललेलं असू शकतं, अध्यादेशाचं कलम तसं बदलत नाही.

पात्रता

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सूट. चार वर्षांच्या पदवीवरून थेट यायचं असेल तर ७५ टक्के. नियम एवढाच आहे. गोंधळ होतो तो टक्के काढताना.

गुणपत्रिकेवर सीजीपीए (टक्क्यांऐवजी दहापैकी सरासरी श्रेणीगुण) असेल तर लोक सरळ ९.५ ने गुणतात. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं, विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. काही ठिकाणी सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणतात. म्हणजे ६.० सीजीपीएचे एका सूत्राने ५७ टक्के होतात आणि दुसऱ्याने ५२.५. पहिला माणूस पात्र, दुसरा अपात्र, आणि गुणपत्रिका एकच! तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचा दाखला घ्या. मागची बाजू स्कॅन न करणं ही सर्वांत स्वस्तात टळणारी चूक आहे.

एमबीबीएसवाल्यांचा प्रश्न वेगळा. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे 'चार वर्षांची पदवी' झालीच, असं धरून अर्ज करू नका. हे विद्यापीठागणिक बदलतं. अध्यादेशात तुमच्या पदवीचं नाव नसेल तर ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर अर्जाला जोडा. एमपीएच, एमडी कम्युनिटी मेडिसिन किंवा संख्याशास्त्राची एमएस्सी असेल तर अडचण कमी. पण 'संलग्न विषय' या यादीत तुमचा विषय आहे की नाही, हे तरीही बघाच.

नेट, पेट आणि तीन वेगळ्या मुदती

प्रवेश नेटवरून, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेवरून मिळतो किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवरून, म्हणजे पेटवरून. त्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के, आणि निवडीत परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के वजन. यूजीसी-नेटमध्ये या क्षेत्राला सर्वांत जवळचा विषय 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ'.

जून २०२४ च्या नेटपासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकाची पात्रता कायमची असते, आणि जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं. या तीन मुदती एकमेकींत मिसळून लोक घरी बसतात. 'माझी नेट आहे, कधीही प्रवेश घेईन' हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही. विद्यापीठाची जाहिरात उशिरा निघाली तरी तुमचं वर्ष थांबत नाही.

एनओसी: सगळ्यांत जास्त परत येणारा कागद

अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: उमेदवाराला अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल.

आस्थापना शाखा काय देते? 'यांस पीएचडी करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' एक ओळ, गोल शिक्का, विषय संपला. छाननीत हा कागद हमखास बाद होतो. तिसरं वाक्य लिहायला अधिकारी बिचकतात, कारण उद्या माणूस खरंच सोडावा लागेल अशी भीती असते. म्हणून मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. तिन्ही वाक्यं विनियमातल्या कलमाच्या क्रमाने लिहा आणि कलमाची छापील प्रत मागे टाचा. साहेबांना पटवण्यापेक्षा छापील कलम पुढे ठेवणं सोपं पडतं.

दुसरी चूक सहीची. वैद्यकीय अधीक्षकांनी किंवा विभागप्रमुखांनी सही केली म्हणून एनओसी होत नाही, सही सक्षम प्राधिकाऱ्याची लागते. तुमच्या नेमणुकीच्या आदेशावर कोणाची सही आहे ते बघा, तिथून सुरुवात करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसाचा अर्ज तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी अशा पायऱ्या चढत वर जातो आणि प्रत्येक टेबलावर मुक्काम करतो. जाहिरात निघाल्यावर हे सुरू केलं तर वेळेत हातात येत नाही. जाहिरातीची वाट न बघता आधीच अर्ज टाका आणि आवक क्रमांक जपून ठेवा.

अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्यांची तर कुचंबणाच. करार संपल्यानंतरच्या काळाची एनओसी कोण देणार? अशा वेळी सध्याच्या कराराच्या मुदतीपुरती एनओसी आणि नूतनीकरणानंतर नवी देण्याचं हमीपत्र चालेल का, हे विद्यापीठाला लेखी विचारा. चालत नसेल तर पूर्णवेळचा विचार करावा लागतो. नोकरी लपवून 'पूर्णवेळ' भरणं मात्र अजिबात नको. पुढे वेतनपत्रकं निघाली की नोंदणी रद्द होऊ शकते.

बाकीचे कागद

मायग्रेशन, गॅप असल्यास प्रतिज्ञापत्र, नावात बदल असल्यास राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला. नेहमीचेच. आरक्षणातून अर्ज असेल तर दोन गोष्टी बघा. केंद्रीय संस्थेला ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा दिला तर खुल्या प्रवर्गात टाकतात. आणि नॉन-क्रीमी लेयर व ईडब्ल्यूएस दाखल्यांची मुदत ३१ मार्चशी जोडलेली असते. फेब्रुवारीत भरलेला अर्ज मे महिन्यात तपासला जातो तेव्हा जुना दाखला मेलेला असतो.

गाईडची जागा

प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. सर 'हो' म्हणाले म्हणजे जागा आहे असं नव्हे. कम्युनिटी मेडिसिनच्या विभागात आणखी एक अडचण येते. तिथले अनेक ज्येष्ठ प्राध्यापक एमडी असतात, पीएचडी नसतात, आणि यूजीसीच्या विनियमात गाईडला पीएचडी लागते. वैद्यकीय विद्यापीठांची मान्यतेची रीत वेगळी असू शकते. तेव्हा संकोच न करता गाईड-मान्यतेच्या पत्राची प्रत मागा.

कोर्सवर्कमध्ये काय असतं आणि लोक कुठे आपटतात

सैद्धांतिक अभ्यासाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. बारा क्रेडिट म्हणजे निदान १८० तास. शनिवारी जाऊन उरकेल असं वाटत असेल तर हा गुणाकार आधी करा. यात संशोधन पद्धती आणि 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हे दोन्ही सक्तीचे. दुसरा २ क्रेडिटचा, ३० तासांचा. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (माणसांवरच्या चाचण्यांच्या नियमांचं) प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. एमडी करताना सक्तीने केलेला 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च'ही आपोआप क्रेडिटमध्ये धरला जात नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम धरता येतात, पण ते यूजीसी-मान्य हवेत आणि संशोधन सल्लागार समितीने, म्हणजे आरएसीने, त्यांची शिफारस केलेली हवी. आधी कोर्स करून मग समितीपुढे प्रमाणपत्र ठेवणारे बरेच आहेत, आणि समिती ते नाकारू शकते. पूर्ण पीएचडी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने होत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

उरलेली क्रेडिट्स विषयाची: अभ्यास-आराखडे, पूर्वग्रह आणि कन्फाउंडिंग (तिसऱ्याच घटकामुळे दोन गोष्टींत संबंध असल्याचा भास), जैवसंख्याशास्त्र, सर्वेक्षण व साथीचा तपास. उत्तीर्ण व्हायला किमान ५५ टक्के. ते प्रत्येक पेपरात की सरासरीत, हे अध्यादेशात बघा.

आपटतात ते आकडेमोडीपेक्षा तिच्या अर्थावर. जोखमीच्या घटकाशी संपर्क आलेल्या शंभर लोकांपैकी ६० आजारी, संपर्क न आलेल्या शंभरांपैकी ३०. रिस्क रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, २. ऑड्स रेशो (आजारी भागिले निरोगी, या दोन गटांतल्या आकड्यांचं गुणोत्तर) मात्र ३.५. आजार इतका सर्रास असताना ३.५ चा अर्थ 'साडेतीनपट धोका' असा लिहिला की पेपर गेला. केस-कंट्रोल अभ्यासात, म्हणजे आजारी आणि निरोगी लोक निवडून त्यांचा मागचा संपर्क तपासताना, धोका थेट का काढता येत नाही, हेही विचारतातच. रुग्ण किती घ्यायचे ते तिथे संशोधकानेच ठरवलेलं असतं, हे उत्तर दोन ओळींत यायला हवं.

नमुना-संख्या ही दुसरी जागा. '४पीक्यू भागिले एल वर्ग' सगळ्यांना पाठ असतं (पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे अचूकता). प्रमाण ३० टक्के आणि अचूकता ५ टक्के धरली तर उत्तर ३३६. पण ते ५ टक्के निरपेक्ष, म्हणजे २५ ते ३५. कोणी सापेक्ष, म्हणजे ३० च्या १० टक्के धरले तर एल होतो ३ आणि संख्या जाते ९३३ वर. कुठली अचूकता धरली ते सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) लिहिलेलं नसतं, आणि समिती तिथेच थांबवते. गावांचे किंवा वॉर्डांचे समूह निवडणार असाल तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे समूहनिवडीमुळे नमुना वाढवायचा गुणक, लागतो. तो १.५ धरला तर ३३६ चे ५०४, त्यात १० टक्के लोक प्रतिसाद देणार नाहीत असं धरलं तर ५६०. आणि दोन गटांची तुलना करायची असेल तर हे सूत्र मुळात लागूच होत नाही. जुन्या प्रबंधातलं हेच सूत्र उचलून प्रत्येक विषयाला लावलेलं दिसतं, तेव्हा समितीचा वैताग समजू शकतो.

घड्याळ कधी सुरू होतं

किमान तीन वर्षं, कमाल सहा वर्षं, आणि ही मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून. कोर्सवर्क त्याच्या आतच येतं. 'कोर्सवर्कनंतर सहा वर्षं' असं वाचणाऱ्यांचं वर्षभर नकळत निघून जातं. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. दर सहा महिन्यांनी आरएसीसमोर सादरीकरण असतं. ते चुकवलं की पुढच्या वेळी मुदतवाढ मागताना फाइलमध्ये रिकामी जागा दिसते.

एथिक्स कमिटी

माणसांची माहिती गोळा करण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. मागाहून ती मिळत नाही, म्हणजे त्याआधी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या प्रबंधात वापरता येत नाहीत. कोर्सवर्कचा प्रोजेक्ट म्हणून गावात सर्व्हे करून तोच पुढे प्रबंधात जिरवायचा बेत असेल तर सर्व्हेच्या आधी मंजुरी घ्या. अर्जाबरोबर प्रोटोकॉल, माहितीपत्रक, मराठी संमतिपत्र आणि जिथे काम करणार तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचं परवानगीपत्र ठेवा. संमतिपत्र गावातल्या माणसाला वाचून कळेल असं हवं. इंग्रजीवरून ओढून आणलेलं कठीण मराठी समिती परत पाठवते, आणि बरोबर करते.

एनएफएचएससारखी (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) आधीच गोळा झालेली, ओळख काढून टाकलेली माहिती वापरणार असाल तर पुनरावलोकनातून सूट मिळू शकते. पण ती सूट द्यायची समितीने, लेखी. ती आपली आपण घेतली की प्रबंध जमा करताना तो कागद मागितला जातो. परदेशी निधी किंवा परदेशी संस्थेचा सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीचा टप्पा वाढतो. औषधाची किंवा कुठल्याही हस्तक्षेपाची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद हवी.

कोर्सवर्कचा निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रमाणपत्र मागा. त्यावर प्रत्येक पेपरचं नाव, क्रेडिट, गुण आणि पूर्ण केल्याची तारीख असू द्या. 'कोर्सवर्क समाधानकारकरीत्या पूर्ण' एवढंच लिहिलेला कागद प्रबंध जमा करताना आणि पुढे प्राध्यापकपदाच्या छाननीत परत येतो. तोवर विभागातला तो कारकून बदललेला असतो आणि रजिस्टर कुठल्या कपाटात आहे, हे कोणाला सांगता येत नाही.